कोहळ्याची भरपाई

मी कोहळ्यावर घसरून पडले असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग फार लागलं का म्हणून विचारतात. बंगळुरात राहणाऱ्यांना निदान पुढचं समजावून सांगावं लागत नाही. आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, इथे प्रत्येक दुकानासमोर, गॅरेजसमोर, उभ्या असलेल्या प्रत्येक रिक्षा-टेम्पोसमोर कोहळा फुटतो. वरून भोक पाडायचं, आत कुंकू कालवायचं, कापूर पेटवून यंत्रावरून ओवाळायचं आणि दारात दाणकन आपटायचं. झाली दृष्ट काढून. मग दोन दिवस सगळं शहर लाल गर तुडवत चालतं आणि स्कूटरवाले जीव मुठीत धरून जातात. माझ्या बेळगावच्या दादाला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो हळहळला होता, "एवढ्यांचा पेठा झाला असता गे."

मी चिकपेटेत लग्नपत्रिकांच्या एका छापखान्यात काम करते. मराठी आणि हिंदी मजकूर कॉम्प्युटरवर जुळवायचा, ऱ्हस्वदीर्घ तपासायचं, आणि निमंत्रकांमध्ये कोणत्या काकांचं नाव आधी यावं यावरून भांडणाऱ्या घराण्यांना शांत करायचं. हे तिसरं काम पगारात धरलेलं नाही, पण वेळ सर्वांत जास्त त्यातच जातो.

मालक माझ्याहून लहान आहेत, तरी मी त्यांना अण्णा म्हणते आणि ते मला अक्का. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इथे येऊन रुजलं. घरात मराठीच बोलतात, पण त्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की माझ्यासारख्या बेळगावकडच्या बाईलाही कधीकधी कान टवकारावे लागतात. माणूस सोन्यासारखा, फक्त देवभोळा. आमच्या छापखान्याचा हातगुण चांगला, इथे छापलेली लग्नं टिकतात, अशी चिकपेटेत ख्याती आहे. अण्णांचा स्वतःचा या ख्यातीवर छपाईच्या यंत्रापेक्षा जास्त विश्वास आहे. टिकली नाहीत ती लग्नं दुसरीकडे छापली असणार, असं ते छातीठोक सांगतात.

तर आयुधपूजेचा दिवस. आमच्याकडे नियम असा की ज्याचं यंत्र त्यानेच पुसायचं आणि त्यानेच त्याला हळदकुंकू लावायचं. कटिंगवाला कटिंग मशीनला, छपाईवाला छपाईच्या यंत्राला, आणि मी माझ्या कॉम्प्युटरला. एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत यंत्राला बोट लावायचं नाही, त्यालाही विश्रांती हवी. मी कीबोर्ड पुसला, माऊसला कुंकू लावलं, झेंडूची माळ पडद्यावर अडकवली. अण्णांनी दारात कोहळा आपटला. टाळ्या झाल्या, मिठाईचे पुडे निघाले. "अक्का, बन्नि, आरती घ्या," असं म्हणत त्यांनी मला बाहेर बोलावलं, मी उंबऱ्याबाहेरच्या दगडी पायरीवर पाऊल टाकलं, आणि पुढच्या क्षणी मला आमच्या गल्लीतल्या वीजतारांचं जाळं फार नीट दिसलं. इतकी वर्षं त्या गल्लीत काम करून मी कधी वर पाहिलं नव्हतं.

उजवा हात खाली आला होता. त्यातून जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. बाकी सगळ्यांना मात्र माझं डोकंच दिसत होतं, कारण केसांत, कपाळावर, खांद्यावर सगळीकडे कुंकवाचा लाल गर. "अय्यो, रक्ता!" असा एकच गिल्ला झाला. अण्णांनी धावत जाऊन रिक्षा आणली. तो रिक्षावाला माझ्याकडे बघून इतका हबकला की मीटरवर पन्नास जास्त मागायचंसुद्धा विसरला. बंगळुरात असा अनुभव येण्यासाठी कपाळमोक्ष झाल्यासारखं दिसावं लागतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरने आधी माझं डोकं बराच वेळ तपासलं. जखम काही सापडेना, बिया सापडत होत्या. शेवटी मी ओरडले, "अरे बाबा, हात! हात बघ!" मग त्याने हात पाहिला, मनगटाचं हाड मोडलंय म्हणाला, आणि विचारलं, कशा पडलात.

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "मनेयल्ली. बात्‌रूमल्ली."

म्हणजे घरी, न्हाणीघरात. डॉक्टरने माझ्या कुंकवाने भिजलेल्या रेशमी साडीकडे पाहिलं, गजऱ्याकडे पाहिलं, केसांतून काढलेल्या कोहळ्याच्या बियांकडे पाहिलं. मग निमूटपणे लिहून घेतलं. मला तेव्हा कळ इतकी लागली होती की त्याने मी विमानातून पडले असं लिहिलं असतं तरी मी मान हलवली असती.

खरा घोळ प्लास्टर सुकल्यावर लक्षात आला. उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, म्हणजे माऊस नाही, कीबोर्ड नाही. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन महिने तरी कामाचं नाव काढू नका. काम नाही तर पगार नाही. नवरा गेल्यापासून मी श्रीरामपुरमला दोन खोल्या भाड्याने घेऊन एकटी राहते. मूलबाळ नाही, आणि जी शिल्लक होती ती त्याच्या आजारपणात संपली. घरमालकीण भली बाई आहे, सणाला होळगी, म्हणजे पुरणपोळी, देते, पण भाडं म्हणजे भाडं. दोन महिने ते चुकलं तर खोल्या सोडून बेळगावला दादाकडे जायचं, एवढाच मार्ग होता.

दादाने तर दुसऱ्याच दिवशी फोन केला. "काय करालीस तिथं एकटी? एक हात बांधलेला, दुसऱ्यानं काय उजेड पाडणार हाईस? सामान बांध, मी न्यायला येतो."

दादा मायेनेच म्हणत होता. वहिनीही वाईट नाही. पण माहेरचं कसं असतं, चार दिवस गेलं की माहेरवाशीण, पाचव्या दिवसापासून कोपऱ्यात बसून लसूण सोलणारी आत्या. आणि एकदा खोल्या सोडल्या की या वयात, या शहरात, एकट्या बाईला परत कोण देणार? माझ्या स्वतःच्या कुलपाची स्वतःची किल्ली मला हवी होती. ती जाईल या विचाराने मी दोन दिवस नुसती रडले. डाव्या हाताने नाक पुसताना प्लास्टर नाकावर आपटलं नाही, एवढंच समाधान.

तिसऱ्या दिवशी रडण्याचा कंटाळा आला, आणि मला ते विम्याचं कार्ड आठवलं. त्या वर्षी छापखान्यात माणसं वाढली म्हणून अण्णांना सगळ्यांची नावं कामगार विम्यात घालावी लागली होती. दर महिन्याला पगारातून थोडे पैसे कापले जाऊ लागले आणि मी दर महिन्याला त्यावर कटकट करत असे. आता म्हटलं, कापलेत ना, मग बघू या काय देतात. पदर खोचला, म्हणजे शेजारणीकडून खोचून घेतला, आणि विम्याच्या दवाखान्यात गेले.

खिडकीपाशी बसलेल्या बाईने मला नीट समजावलं. नुसत्या आजारपणाचे पैसे मिळायला कार्ड जरा जुनं व्हावं लागतं, माझं अजून कोवळं होतं. घरी पडले असेन तर हात हलवत परत जायचं, आणि माझा तर तोही हलत नव्हता. पण कामावर पडले असेन तर कार्ड कालचं असलं तरी चालतं. हात बरा होईपर्यंत पगाराच्या दहा भागांतले नऊ भाग घरबसल्या मिळतात. फक्त, अपघात कामावर झाला असं मालकाने कळवायला हवं.

"कळवलंय ना त्यांनी?" तिने विचारलं.

त्यांनी कळवलं होतं बाथरूम.

संध्याकाळी अण्णा घरी आले. हातात बिसिबेळे भाताचा मोठा डबा, वर तुपाची वेगळी वाटी. मी विषय काढला तसा त्यांचा चेहरा पडला.

"अक्का, तुमी स्वल्प शांतीनं ऐका," ते म्हणाले. "कोहळा आपण कशाला फोडतो? वाईट व्हायला नको म्हणून. त्याच्यावरच आपलं माणूस पडलं, आयुधपूजेलाच हात मोडला, असं सरकारच्या कागदात लिवलं की सगळ्या पेटेत पसरतंय ते. मग पत्रिका छापायला कोण येतंय? लग्नाचं काम हाय आपलं. अपशकुनाच्या दारात कोण पाय ठेवतंय?"

मग त्यांनी खिशातून पाकीट काढलं. दर महिन्याला घरखर्चाला काहीतरी देत जाईन म्हणाले, तुम्ही काळजी करू नका, तुम्ही मला मोठ्या बहिणीसारख्या.

मला इतका राग आला की मला स्वतःलाच नवल वाटलं. माणूस चांगुलपणाने बोलत होता, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. पण ते काहीतरी किती, आणि कधीपर्यंत, हे त्यांच्या मनावर. या महिन्याला धंदा बरा म्हणून दिलं, पुढच्या महिन्याला विसरले, तर मी जाऊन हात पसरायचा का? आणि पसरायचा तरी कोणता, एक तर गळ्यात बांधलेला! आवळा देऊन कोहळा काढणं ऐकलं होतं, हे तर कोहळा देऊन वर आवळा देणं चाललं होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "भात ठेवा, पाकीट घेऊन जा. मला उपकार नको, माझा पगार पाहिजे."

"मग हातगुणाचं काय?"

"हातगुणाचं असं, की दृष्ट काढायला कोहळा फोडला, बरोबर? ती छापखान्यातून बाहेर पडली. जाताना वाटेत माझं मनगट लागलं. त्या दिवशी तुमच्याकडे सगळ्यांत अवघड काम मी केलंय. असं सांगा लोकांना."

त्यांना हसू आलं. पण "सरी, बघू" म्हणून ते गेले. बंगळुरातलं "सरी, बघू" म्हणजे काय, ते मी इतक्या वर्षांत ओळखते. त्याचा अर्थ नाही असा होतो, फक्त तो चपला घालता घालता सांगितलेला असतो.

मग मीच विमा कार्यालयात अर्ज दिला, डाव्या हाताने लिहून. अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं आलं, ऱ्हस्वदीर्घ मात्र एकही चुकलं नाही. आणि एक दिवस चौकशीला अधिकारी बाई यायच्या आहेत, छापखान्यात हजर राहा, असा निरोप आला. मेट्रोतून उतरून चिकपेटेच्या गर्दीतून प्लास्टर सांभाळत जाताना माझा एकच हिशोब चालला होता. अण्णा बाथरूमवर अडून बसले तर माझा शब्द विरुद्ध त्यांचा शब्द, आणि दवाखान्यातला कागद त्यांच्या बाजूचा. कटिंगवाला आणि छपाईवाला मला बघून गोड हसले आणि आपापल्या यंत्रामागे गेले. त्यांचा राग आला नाही. त्यांना तिथेच काम करायचं होतं.

अधिकारी बाई माझ्याच वयाच्या, सुती साडी, खांद्याला पिशवी, बोलणं तुटक. सगळं कन्नडात चाललं होतं. त्यांनी आधी पायरी पाहिली, मग माझा हात पाहिला, मग मला विचारलं, तेव्हा काय काम करत होता.

मी खरं ते सांगितलं. काम करत नव्हते, पूजा होती, आरती घ्यायला बाहेर येत होते.

त्यांनी पेन थांबवलं आणि अण्णांना विचारलं, "केलसाना, हब्बाना?" काम होतं की सण?

अण्णा म्हणाले, सण. त्या दिवशी आमच्याकडे यंत्राला हातसुद्धा लावत नाहीत, मॅडम. काम कुठलं?

संपलं, मी मनात म्हटलं. लसूण सोलायला घ्या.

बाई पिशवी आवरायला लागल्या. जाता जाता सहज म्हणाल्या, "म्हणजे सुट्टीच्या दिवशी मिठाई न्यायला आल्या होत्या ह्या."

बाई हे कुत्सितपणे म्हणाल्या नसाव्यात. पण अण्णा ताडकन उठले. त्यांचा गोरा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"मिठाई न्यायला?" ते म्हणाले, आणि मग कन्नडात असे सुटले की मला जेमतेम माग काढता आला. आमच्या आज्यापासून या छापखान्यात पूजा चालते. मिठाईसाठी कोणी येत नाही इथे! ज्याचं यंत्र त्याने पूजायचं असा नियम आहे आमचा. अक्कांचा कॉम्प्युटर अक्काच पूजणार, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देईन का? ताप असला तरी माणूस येतो त्या दिवशी. यावंच लागतं!

"आणि नाही आलं तर?" बाईंनी विचारलं.

"नाही आलं तर दसऱ्यानंतर मी त्याला यंत्राला हात लावू देत नाही. पूजा केल्याशिवाय काम नाही."

"पूजा केल्याशिवाय काम नाही," बाईंनी हळूहळू लिहीत लिहीत म्हटलं. "न येऊन चालत नाही. तुम्ही बोलावलं म्हणून आल्या. म्हणजे त्या कामावरच होत्या की."

मागे छपाईचं यंत्र बंद झालं होतं. सगळे ऐकत होते.

"आणि ते बाथरूम?" बाईंनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस काहीही म्हणू शकतो, आणि जे म्हणेल त्यावर माझं घर राहील किंवा जाईल.

"मी घाबरलो, मॅडम," ते मराठीतच म्हणाले, आणि मग लक्षात येऊन कन्नडात परत म्हणाले.

बाई गेल्यावर त्यांनी माझ्यासाठी कॉफी मागवली आणि पेला माझ्या डाव्या हातात धरून दिला. हातगुणाचं म्हणाल तर मार्गशीर्षातल्या मुहूर्तांना इतकी गर्दी झाली की माझ्या जागी तात्पुरत्या बसवलेल्या माणसाला उसंत मिळेना. त्याने एका पत्रिकेत वधूला वर आणि वराला वधू करून ठेवलं, तेवढं सोडलं तर सगळं सुरळीत झालं.

मला मात्र अधूनमधून विम्याच्या डॉक्टरकडे जाऊन, ही बाई अजून कामाला असमर्थ आहे, असा दाखला आणावा लागे. लग्नानंतर सासरी बरीच वर्षं हेच ऐकलं होतं, पण त्याचे कोणी पैसे दिले नव्हते. आणि एका सकाळी डाव्या हाताने उपमा ढवळत असताना फोन वाजला. खात्यात पैसे आले होते. मी गॅस बंद केला आणि खाली जमिनीवरच बसले. मला खूप हसू येत होतं, आणि खूप मोकळं वाटत होतं.

मग दादाला फोन लावला. म्हटलं, मी येत नाही.

"आणि भाडं?"

"देणार. पगार आला माझा."

"कामावर नाहीस आणि पगार कसला गे?"

मी त्याला सगळं सांगितलं. कोहळा, बाथरूम, मिठाई, नक्कल करून करून सांगितलं. एरवी माझ्या नकलांना तो पोट धरून हसतो. या वेळी तो हसला नाही.

माझ्या दादाच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. इथवर हे सांगितलं नाही, कारण आम्हा घरच्यांना ते कधी दिसतच नाही. तरुण असताना एका फौंड्रीत गेली ती. त्यानंतर कितीतरी महिने तो घरी बसून होता, आई लोकांकडे पापड लाटायला जायची आणि मी शाळेची फी नाही म्हणून वर्गाबाहेर उभी असायचे. फौंड्रीचा मालक एकदा घरी येऊन गेला होता, नारळ आणि साखर घेऊन. तो गेल्यावर आम्ही सगळे म्हणालो होतो, किती भला माणूस.

"ते तुझं हापिस," दादा शेवटी म्हणाला, "मागचं काय असलं तर आता घेतात काय गे अर्ज?"

उत्तर नाही असंच येणार, हे मला माहीत होतं. माझी जीभ एरवी कुणापुढे अडत नाही. "विचारून सांगते," मी म्हटलं.

"हां, विचार बघ," तो म्हणाला. "गडबड नाय काय."